मुकादमाचा दगड

जालन्याकडे पाहण्यासारखं काय आहे, असं मला परत आल्यापासून अकरा जणांनी विचारलं. मी मोजले, कारण मी सगळंच मोजते. दहा जण उत्तराला थांबले नाहीत. अकराव्या आमच्या शेजारच्या वहिनी. त्या खुर्ची ओढून बसल्या आणि म्हणाल्या, "सांगा आता, मी कुकर बंद करून आले आहे." त्यांच्यासाठी आणि ज्यांचे कुकर बंद आहेत अशा सर्वांसाठी हे लिहिते आहे.

आधी आम्ही का गेलो ते सांगते. पुण्यात आमचा चिनी मातीच्या बरण्यांचा लहानसा कारखाना आहे. वडिलांनी सुरू केला. माती मागवणं, भट्टी लावणं, फुटलेल्या बरण्यांची नोंद ठेवणं हे मी बघते. माझा धाकटा भाऊ शरद कलेची बाजू बघतो, ती तो मुख्यतः खिडकीतून बघतो. एका संस्थेच्या नव्या इमारतीत दर्शनी भिंतीवर भाजलेल्या मातीचं मोठं शिल्प बसवायचं काम त्याला मिळालं होतं. मुदत मे अखेरची. आठ महिन्यांत त्याने भिंतीचं माप घेतलं होतं आणि दाढी वाढवली होती. संस्थेच्या कमिटीने सौम्य शब्दांत कळवलं होतं की होळीपर्यंत नमुना दिसला नाही, तर उगवत्या सूर्याचं चित्र काढणारे एक गृहस्थ तयार आहेत. शरदनेही मला शब्द दिला होता की हे जमलं नाही, तर गुजरातमधल्या एका कारखान्यात संडासाची भांडी आखायची नोकरी आली आहे, ती तो घेईल. अडतिसाव्या वर्षी. मी त्या नोकरीविरुद्ध नाही. भांडी लागतात. पण ती आखताना शरदचं तोंड कसं दिसेल ते मला दिसत होतं.

सात वर्षांपूर्वी कॉलेजच्या मित्रांबरोबर फिरताना त्याने जाफराबादच्या पुढे एका माळावर गोल गोल काळे दगड पाहिले होते. चाळीसेक असतील. प्रत्येकाचे पापुद्रे सुटत चाललेले, सोलायला घेऊन अर्धवट टाकलेल्या कांद्यासारखे. त्याचा फोटो त्याच्या टेबलासमोर लावलेला असतो. जानेवारीत एका सकाळी त्याने जाहीर केलं की शिल्प त्या दगडांत आहे, तिथे जाऊनच ते सापडेल.

मी यादी केली. पहिलं काम, दगड आहेत का याची चौकशी.

"ताई, दगड आहेत ते," शरद म्हणाला. "कुठे जाणार आहेत?"

तरी मी त्याला तिथल्या शाळेतल्या गुरुजींना कार्ड टाकायला लावलं. त्या वेळी त्यांनीच या सगळ्या मित्रांना शाळेत उतरवलं होतं. शरदने लिहिलं, "आपल्या गावचे दगड पाहण्यास येत आहोत." उत्तर आठ दिवसांत आलं, "जरूर यावे. दगड पाहिजे तितके मिळतील." मी यादीत बरोबरची खूण केली.

जुना जालना

शरदने पत्र्याच्या ट्रंकेत आमच्या कारखान्यातली मळलेली माती भरून घेतली होती. दगडांच्या समोर बसून, ताज्या नजरेने काम करायचं होतं म्हणे. ट्रंक उतरवताना स्टँडवरचा हमाल वाकला, परत सरळ झाला आणि माझ्याकडे वळला.

"बाई, लोखंड भरलं का ह्याच्यात?"

"माती आहे."

"पुण्याची?"

"मूळची गुजरातची."

त्याने ट्रंक खाली ठेवली. "म्हंजी गुजरातची माती पुण्याला, पुण्याची जालन्याला. आन इथली?"

"इथली चालत नाही."

"न्हाई चालत," तो गंभीरपणे म्हणाला. "चालली असती तर मी हमाली कशाला करून राह्यलो असतो."

माती ओली राहावी म्हणून गोणपाट हवं होतं. जुन्या जालन्यात धान्याच्या आडती आणि कापडाची दुकानं इतकी दाटीने आहेत की समोरून हातगाडी आली तर आपण कुठल्या तरी दुकानात शिरावंच लागतं. मग काहीतरी घ्यावंच लागतं. व्यापाराची ही पद्धत लक्ष्मी रोडवाल्यांनी शिकण्यासारखी आहे. अशाच एका दुकानात पांढऱ्या दाढीच्या चाचांनी मला गोणपाट काढून दाखवलं आणि कशाला हवं ते विचारलं.

"मातीवर घालायला. ओलं करून."

"मातीला थंडी वाजते का गर्मी होते?"

"वाळते."

"बराबर. मंग दोन घ्या. येक मातीला, येक भावाला. कवापासून बिनटोपीचे उन्हात हुबे हायेत." शरद रस्त्याच्या मधोमध उभा राहून एका पडक्या भिंतीचा पोत पाहत होता आणि एक बैलगाडी त्याचं पाहणं संपण्याची वाट पाहत होती.

रात्री खानावळीत ज्वारीची भाकरी, वांग्याची भाजी आणि ठेचा. पुण्यात आम्ही ज्याला तिखट म्हणतो, ते इथे आजाऱ्याला देत असावेत. शरदने पहिल्या घासानंतर अर्धा तांब्या पाणी पिऊन घेतलं. वाढणाऱ्या बाई म्हणाल्या, "दाढीवाल्या दादाला गूळ द्या." तो त्याने निमूट खाल्ला.

माळ

जाफराबादपर्यंत एसटी आणि तिथून पुढे बैलगाडी. फेब्रुवारी होता. दोन्हीकडे ज्वारी उभी, मधूनमधून वेचून झालेली कपाशी. रस्ता मात्र नवा होता. काळ्या खडीचा, रूळ फिरवून दाबलेला, डांबराची वाट पाहणारा. गाडी त्यावरून खडखडत चालली. शरदला तो आवडला नाही.

"असे रस्ते झाले की निसर्ग संपतो," तो म्हणाला. ते किती नेमकं बोलला, ते त्याला तासाभराने कळलं.

गावाचं नाव मी लिहीत नाही. लिहिलं तर आणखी चार कलावंत जातील, आणि तिथल्या लोकांना कामं आहेत.

मधुकर गुरुजी वेशीशी घ्यायला आले होते. तिशीचे, इस्त्रीचा पांढरा सदरा, खिशाला दोन पेनं. दोन घरं सोडून बौद्धवाडा, त्यात त्यांचं दोन खोल्यांचं घर. भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली पुस्तकांची फळी, आणि पुस्तकं उंचीप्रमाणे लावलेली. मला घर तिथेच आवडलं. गुरुजी तांब्या घेऊन आले आणि अगदी सहज, हजेरी घेताना विचारावं तसं म्हणाले, "पाणी चालेल ना तुम्हाला?"

हा प्रश्न त्यांना किती जणांना विचारावा लागला असेल, याचा हिशेब माझ्याकडे नाही. मी पाणी प्यायले आणि आणखी एक तांब्या मागितला. मग आतून त्यांची आई आली. गयाबाई. वय माझ्याच आसपास, पण मनगटं माझ्या दुप्पट. त्यांनी मला एकदा खालपासून वरपर्यंत पाहिलं, "बसा की मंग, हुब्या कशाला," म्हणाल्या, आणि चहा ठेवला.

शरदला चहा नको होता. त्याने फोटो काढला. गुरुजींनी तो पाहून आईकडे दिला. आईने हात लांब करून पाहिला.

"ह्यो आपला माळ."

"हो," शरद पुढे सरकला. "कुठून जायचं?"

"जायचं कुठं? तुमी त्याच्यावरनंच आल्ते की."

शरदने पुन्हा फोटोवर बोट ठेवलं. गयाबाईंना वाटलं, पुण्याच्या माणसाला नीट सांगावं लागतं. त्या खाली बसल्या.

"दुष्काळात कामं निघाल्ती ना. ह्या माळावर खडीचं काम. दीडशे मानसं व्हतो. बाया जास्ती. आदी बारके गोटे फोडले, मंग मोठे. मोठ्याचं वरलं हातानं सुटतंय, भुसभुशीत. त्याला मुकादम खडी म्हणत नव्हता. मुरूम म्हणायचा, ढिगात धरायचा न्हाई. आतला गाभा काळाभोर, त्याची खडी धरायचा. दोन उन्हाळे फोडले. सगळा माळ रस्त्याला गेला."

"सगळा?" शरदने विचारलं.

गुरुजी अवघडले. "तुमचं कार्ड वाचून मला वाटलं, बांधकामाला दगड पाहिजेत. मी खदानवाल्याला सांगूनपण ठेवलंय."

शरदचा गुडघा त्याच्यासमोरच्या, न प्यालेल्या चहाच्या कपबशीला लागला. ती मी काढून घेतली. आमच्याच कारखान्यातली नव्हती, पण मोडतोड ती मोडतोड.

"येक राह्यलाय," गयाबाई म्हणाल्या.

"कुठे?"

"आमच्या वावराच्या कडेला."

"तो कसा राहिला?"

"त्याच्यावर मुकादम बसत व्हता."

तर अशा रीतीने, लाखो वर्षं ऊन, वारा आणि पावसाने घडवलेल्या त्या समूहातला एकमेव वाचलेला नमुना आम्ही पाहायला गेलो. कमरेएवढा उंच. बाजूने चार-पाच पापुद्रे सुटलेले, कडा तांबूस. वरचा भाग मात्र तुळतुळीत, मध्ये थोडा खोलगट, बसण्याच्या आकाराचा. उजव्या अंगाला चुन्याची बोटं पुसलेली, एकाखाली एक. निसर्गाला जे साधलं नाही, ते मुकादमाच्या बैठकीने पूर्ण केलं होतं.

शरद गुडघ्यावर बसला. "हा शेवटचा साक्षीदार आहे," तो म्हणाला.

"कशाचा साक्षीदार?" गयाबाईंनी पदर खोचला. "आमची बारकी तापानं फणफणल्ती. घटकाभर उशीर झाला, तर ह्याच्यावरच बसून त्यानं माझ्या नावापुढं अर्धा दिस वढला. तीन वर्सं झाली. जाता-येता बघून राह्यले मी ह्याच्याकडं. रविवारी गवंडी येनार हाय. सून म्हायेरी गेलीय बाळतपनाला, ती यायच्या आत खोली काढायची. ह्यो तिच्या उंबऱ्याखाली जानार."

शरदने माझ्याकडे पाहिलं. मी वहीकडे पाहिलं. बुधवार होता.

गुरुवार

गयाबाईंनी शब्द दिला की रविवार सकाळपर्यंत त्या घण उचलणार नाहीत. "तुमी तवर काय बघायचं ते बघून घ्या," म्हणाल्या. चार दिवसांत दगड समजून घ्यायचा, नाहीतर संडासाची भांडी. इतकी स्पष्ट यादी मी आयुष्यात केली नव्हती.

शरदने सकाळपासून पंधरा रेखाटनं केली. दुपारी अंगणात माती काढली, अर्धी मळून गोळा केला, उरलेली लाटून पोळ्या केल्या आणि एकेक पोळी पाण्याने गोळ्यावर चिकटवत गेला. कडा दुमडल्या, ओरखडे काढले, लांब जाऊन पाहिलं, जवळ येऊन पाहिलं. शेजारच्या तीन बाया ज्वारी निवडायची सोडून येऊन बसल्या. मोठ्या माणसाला दिवसाढवळ्या चिखलात खेळताना पाहण्याची संधी त्यांना रोज मिळत नसावी.

"कोबी करून राह्यले का?" एकीने विचारलं.

शरद पुढची पोळी चिकटवत राहिला. मी मात्र नीट पाहिलं. कोबीच होता. चांगला, बाजारात चटकन गेला असता असा.

गयाबाई बऱ्याच वेळाने बोलल्या. "दादा, राग नका मानू. तुमी वरून लावून राह्यले. दगडाला वरून कोन लावतंय? त्यो सोडून राह्यलाय. येकेक अंगावरनं सोडून राह्यलाय."

"बरोबर आहे, पण मातीत ते कसं दाखवायचं?"

"ते मला काय म्हाईत. मी दगड फोडनारी."

संध्याकाळी शरदने कोबी मोडला. सगळी माती एकत्र करून भोपळ्याएवढा एक गोळा बांधला आणि अंगणाच्या कोपऱ्यात पाटावर ठेवला. उद्या सकाळी लवकर जाफराबादला जायचं त्याने ठरवलं होतं. त्या दगडाला सरकारी संरक्षण मिळवायला. मी गोणपाट भिजवून गोळ्यावर घातलं. ते दिवसातून तीनदा भिजवायचं काम माझ्याकडे होतं. शुक्रवारी सकाळी घाई होणार, म्हणून रात्रीच झोपण्याआधी मी वहीत शुक्रवारच्या तिन्ही वेळांपुढे खुणा करून ठेवल्या. म्हणजे सकाळी डोक्याला ताप नाही.

शुक्रवार

कचेरीतला कारकून सज्जन होता. त्याने आम्हाला बसवलं, पाणी दिलं, आणि शरदचं भाषण शेवटपर्यंत ऐकलं. त्यात पृथ्वीचा लाव्हा होता, काळ होता, आणि आधुनिक मृत्तिकाशिल्पाची निसर्गाकडे परतण्याची गरज होती.

"दगड कुणाच्या वावरात आहे?" कारकुनाने विचारलं.

"गयाबाईंच्या."

"त्यांचा अर्ज आहे का, दगड राहू द्या म्हणून?"

"नाही."

"त्यांचं म्हणणं काय?"

"त्यांना तो फोडायचा आहे."

कारकुनाने टोपण लावून पेन खिशात ठेवलं. "मंग साहेब, त्यो दगड त्यांचा, घणपण त्यांचा. तुमचं काय हाय त्याच्यात?"

शरदने वही पिशवीत घातली. परत यायला गाडीने अडीच तास घेतले. घरी पोहोचलो तर गुरुजींनी अंगणात आगटी पेटवली होती. कोवळा हुरडा, शेंगदाण्याची चटणी आणि दही. गयाबाई कणसं गरम गरम हातावर चोळून दाणे आमच्यापुढे टाकत होत्या. पुण्यात हुरडा पार्टी म्हणजे मोटारीने जाऊन, सतरंजीवर बसून, कोणीतरी भाजलेलं खाणं आणि खेड्यातली हवा किती शुद्ध यावर बोलणं. इथे हवेबद्दल कोणी काही बोललं नाही. शरदसुद्धा. त्याने खूप हुरडा खाल्ला, आणि झोपताना मला सांगितलं की गुजरातला पत्र मी लिहावं, माझं अक्षर चांगलं आहे.

शनिवार

सकाळी मी गोणपाट उचललं. ते पापडासारखं कडक झालं होतं. वही उघडली. शुक्रवारपुढे तीन सुबक खुणा.

वीस वर्षं मी याद्या ठेवते आहे. कारखान्यातल्या माणसांना मी ऐकवत आले आहे की खूण म्हणजे काम झालं याचा पुरावा. तो पुरावा माझ्या हातात होता आणि समोर दिवसभर उन्हा-वाऱ्यात पडलेला गोळा. वरून पांढरट, खडखडीत. मी शरदला उठवून सांगितलं. लपवून उपयोग नव्हता, माती तेवढीच होती.

तो ओरडला असता तर बरं झालं असतं. तो गोळ्याजवळ बसला, बोटाने वरचं कवच चाचपलं आणि म्हणाला, "असू दे ताई. तसंही काही होत नव्हतं." मग आत जाऊन पेट्या आवरायला लागला.

गयाबाई नदीवरून धुणं घेऊन आल्या. माझं तोंड पाहून त्यांनी बादली खाली ठेवली. काय झालं ते विचारलं. मी सांगितलं. त्या गोळ्याजवळ उकिडव्या बसल्या, बोटाच्या पेराने एकदा वर, एकदा मधोमध, एकदा खाली वाजवलं आणि कान लावला.

"वरलं वाळलंय. आतून वला हाय."

"मग?"

"मंग काय. आमच्या दगडावानीच झालाय की."

त्यांनी बादलीतलं धोपाटणं घेतलं. धुणं बडवायचं, लाकडी, साधं. माथ्यावर मारलं नाही. गोळा एका हाताने फिरवत, कमरेवर चहूबाजूंनी बारीक ठोके देत गेल्या. टक, टक, टक. मग थांबून तळाशी एकच जोरात ठोका.

गोळा पसरला आणि वरचं कवच फाटलं. कुठे भेग, कुठे कमान. एक मोठा तुकडा वाटीसारखा वळून अलगद सुटला आणि खाली ओली, गडद, गुळगुळीत माती उघडी पडली. सुटलेल्या तुकड्याची कड जशी हवी तशी होती. जाड, खडबडीत, आतल्या बाजूने ओलसर. पंधरा रेखाटनांत ती एकदाही नीट आली नव्हती.

मी शरदला हाक मारली. तो सदऱ्याची घडी हातात घेऊनच बाहेर आला.

"हे कोणी केलं?"

"ताईंनी वाळवलं," गयाबाई म्हणाल्या. "मी ठोकलं."

शरद खाली बसला. "माथ्यावर का नाही मारलं?"

"माथ्यावर मारलं तर चुरा व्हतो. मुकादम न्हाई धरत. कमरंला मारायचं, हळूच. सगळीकडनं सैल झालं की बुडाला. मंग त्यो सोताच सोडतो."

"आणि आतला पापुद्रा?"

"आता ह्येला ऊन खाऊ द्या. वाळला की परत. येका पापुद्र्याला येक दिस." त्यांनी धोपाटणं त्याच्या हातात दिलं. "तुमी करा की. मला धुनं वाळू घालायचंय."

संध्याकाळपर्यंत शरदने आतल्या ओल्या मातीतले लहान लहान गोळे करून, उन्हात पटकन वाळवून, त्यांच्यावर हात बसवला. पहिल्या तीनांचा चुरा झाला. "मुकादम न्हाई धरनार," दोरीवर लुगडी टाकता टाकता गयाबाई दर वेळी सांगत होत्या. चौथा सुटला. शेजारच्या बाया परत येऊन बसल्या होत्या. कोबीवाल्या बाईंनी पाहिलं आणि काही बोलल्या नाहीत. त्या गावात मी एवढी मोठी दाद पाहिली नाही.

मी गुजरातच्या पत्राचा कागद वहीतून फाडला नाही. अजून काही सिद्ध झालेलं नव्हतं. फक्त त्याच्यावर दुसरी यादी लिहायला घेतली: ऊन, गच्ची, धोपाटणी चार.

रविवार

गवंडी सात वाजता आला. गयाबाईंनी त्याला दगडाला हात लावू दिला नाही. घण खांद्यावर टाकून त्या पुढे चालल्या, मागे गुरुजी, मागे आम्ही. मला वाटलं, शरद आता पुन्हा काळाबद्दल आणि लाव्ह्याबद्दल बोलेल. तो म्हणाला, "मी जरा जवळ बसू का?"

"बसा. पन डोळ्यावर हात ठिवा, कपची उडती."

त्यांना तो दगड अर्ध्या तासात फोडता आला असता. तीन वर्षं वाट पाहिली होती, हात शिवशिवत असणार. पण त्यांनी दुपार केली. एक पापुद्रा सुटला की घण टेकवून उभ्या राहायच्या आणि शरद काढून घेईपर्यंत हलायच्या नाहीत. गवंडी दोनदा कुरकुरला. "बाई, दिस चाललाय." गयाबाई म्हणाल्या, "जाऊ द्या. माझा दिस हाय. आज कोन अर्धा धरतंय बघू."

पहिले दोन पापुद्रे हाताने सुटले, मातकट, तांबडे. त्यांच्याबरोबर चुन्याची बोटं गेली. चौथ्याला घणाचा आवाज बदलला. आतला गाभा कलिंगडाएवढा निघाला, निळसर काळा, कोरा, कधीच ऊन न पाहिलेला. त्यात स्फटिक नव्हते, रंग नव्हते, आश्चर्य वाटावं असं काहीच नव्हतं. शरद त्याच्याकडे बराच वेळ पाहत होता. मग वही बंद करून त्याने आणि गवंड्याने मिळून तो उचलला आणि घरी नेऊन नव्या खोलीच्या उंबऱ्याखाली ठेवला. शरदला त्याआधी मी वजन उचलताना पाहिलेलं नव्हतं.

दोन वाजता आम्ही निघालो. गयाबाईंनी भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली आणि मला बाजूला घेऊन विचारलं, "दादाचं काम व्हईल ना?"

"होईल असं वाटतं."

"व्हईल. ठोका बरा लागून राह्यलाय त्याचा. घाई करतो फकस्त."

पुणे

झालं. होळीच्या आधी दोन दिवस नमुना कमिटीपुढे ठेवला. एका सभासदाने तो वाटेत तडकला का असं विचारलं. बाकीच्यांनी मान्य केला. पुढचे दोन महिने आमच्या गच्चीवर सकाळ-संध्याकाळ टकटक चालू होती. खालच्या भाडेकरूंनी चौकशी केली, त्यांना मी घराची दुरुस्ती आहे असं सांगितलं, ते खोटंही नव्हतं. भट्टीत जाड माती फुटते, म्हणून प्रत्येक तुकडा मागून पोकळ करायला मी लावलं. शरदला ते यांत्रिक वाटलं. तरी सात फुटले. उरलेले बावन्न मे अखेरीस भिंतीवर चढले. गुजरातला मी नकाराचं पत्र टाकलं. चांगल्या अक्षरात.

उद्घाटनाच्या पाहुण्यांनी शिल्पाचं फार कौतुक केलं. मानवाचा हातही न लागलेल्या निसर्गाचं हे रूप, असं ते म्हणाले. शरद उभा राहिला आणि त्याने सांगितलं की हे दगड एका बाईंनी फोडले आहेत, आणि फोडायला आपल्याला त्यांनीच शिकवलं. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना तो विनय वाटला.

शरदने गयाबाईंना शिल्पाचा फोटो पाठवला. जुलैत गुरुजींचं कार्ड आलं. मुलगी झाली, दोघी सुखरूप, खोलीत राहायला आल्या. खाली लिहिलं होतं, "आईने फोटो बघितला. विचारती, पावसात त्याचे पापुद्रे किती दिसांनी सुटतील?"

शरद कामात होता, म्हणून उत्तर मी दिलं. सविस्तर आणि व्यवस्थित. शिल्प छपराखाली आहे, त्यावर पाऊस पडत नाही. शिवाय उंच आचेवर भाजलेलं असल्यामुळे त्याचा कणही सुटणार नाही, शंभर वर्षं तसंच राहील. आईंना निश्चिंत राहायला सांगावे.

उत्तर आठ दिवसांत आलं. एकच ओळ होती.

"आई म्हणते, मग तो दगड नव्हे."

मी हसले आणि ते कार्ड शरदला दाखवलं. तो हसला नाही. तीन दिवस तो खिडकीतून बाहेर पाहत होता. मला वाटलं, पुन्हा आठ महिने सुरू झाले. चौथ्या दिवशी पाऊस चालू असताना त्याने कारखान्याच्या मागच्या अंगणात, उघड्यावर, मातीचा एक मोठा गोळा नेऊन ठेवला आणि मला सांगितलं की हा भाजायचा नाही. वरून काही घालायचंही नाही. पाऊस आणि ऊन काय करतात ते फक्त पाहायचं आहे. आणि रोज नोंद ठेवायची.

भट्टी चालवून पोट भरणाऱ्या घरात यापेक्षा आनंदाची बातमी काय असणार. मी नवी वही काढली. आज एकोणिसावा दिवस आहे. सकाळी सात वाजता, उत्तरेच्या बाजूने, पहिला पापुद्रा सुटला.